ग्वाल्हेर बघायला या, पण तीन दिवस काढून

महाराष्ट्रातून येणारे बहुतेक पाहुणे ग्वाल्हेर अर्ध्या दिवसात उरकतात. सकाळी आग्र्याहून यायचं, टॅक्सीने किल्ल्यावर जायचं, मानमंदिर महालापुढे फोटो काढायचे, जयविलास राजवाड्यातली झुंबरं बघायची आणि संध्याकाळच्या गाडीने झाशी गाठायची. मी इथल्या लष्कर नावाच्या भागातच लहानाची मोठी झाले, त्यामुळे दर हिवाळ्यात हे बघून जीव हळहळतो. किल्ल्याचा जो भाग मला सगळ्यात प्रिय आहे, तो टॅक्सीच्या वाटेवर लागतच नाही. बाहेरगावच्या मैत्रिणी आल्या की मी त्यांना ज्या क्रमाने फिरवते, तोच क्रम इथे देते आहे. दोघांनी मिळून करायच्या सहलीसाठी तो सोयीचा आहे: एका रिक्षात मावता येतं, एका खोलीत भागतं आणि वाटेत कुठेही मनात येईल तेवढं थांबता येतं. माझा आग्रह एकच. किल्ला पायी चढा, आणि पूर्वेच्या बाजूने चढा.

यायचं कधी, कसं

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत केव्हाही या. मे-जूनमध्ये इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि किल्ल्याचा दगड इतका तापतो की टेकायला हात लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा सुरेख असते, पण दाट धुकं पडतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास उशिरा येतात. त्या दिवसांत परतीच्या गाडीला जोडून पुढची गाडी किंवा विमान घेऊ नका, मधे एक रात्र राखून ठेवा. गाण्याची आवड असेल तर डिसेंबरमधला तानसेन समारोह धरूनच या. त्याची सुरुवात जुन्या ग्वाल्हेरातल्या हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी सनई, ढोलीबुवा मठाची हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन) अशी होते. हिंदुस्थानी संगीताच्या गावात नारदीय परंपरेची हरिकथा ऐकायला मिळणं मराठी माणसासाठी किती आपुलकीचं आहे, ते तिथे बसल्यावरच समजेल. युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, पण आमच्या घराघरांतली तानपुऱ्याची गवसणी त्याच्या कितीतरी आधीची.

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस. तिन्ही गाड्या ग्वाल्हेरला थांबतात. पंजाब मेल मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलताना इथे पोचते, म्हणजे पहिली संध्याकाळ तुमच्या हातात असते. आग्रा इथून साधारण १२० किलोमीटर, झाशी १०० च्या आसपास.

तिकीट काढण्याआधी दोघांनी बोलून घ्या

मैत्री कितीही जुनी असो, या गोष्टी निघण्याआधीच ठरवलेल्या बऱ्या. एक, चालण्याची तयारी. किल्ल्याच्या दिवशी पाच-सहा तास पायावर काढावे लागतात. तुमच्यापैकी एकाचे गुडघे दुखत असतील तर त्याने पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने गाडीतून वर यावं आणि मानमंदिरापाशी दुसऱ्याची वाट बघावी. यात कुणी कमीपणा मानायचं कारण नाही. दोन, पैसे. दोघांनी सारखी रक्कम एका वेगळ्या पाकिटात टाकावी. रिक्षा, चहा, तिकिटं सगळं त्यातून द्यावं आणि संपलं की पुन्हा भर घालावी. रोज रात्री हिशेब मांडत बसण्याने सहलीचा सगळा रंग जातो. आणि तीन, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन-तीन तास दोघांनी आपापलं फिरायचं. एकाला देवळाच्या खांबापुढे अर्धा तास उभं राहायचं असतं आणि दुसऱ्याला बाजारात रमायचं असतं. सतत एकमेकांची मर्जी राखत फिरलं की तिसऱ्या दिवशी दोघंही कावतात.

वाराकडेही लक्ष द्या. किल्ल्याच्या पायथ्याचं गूजरी महाल संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे किल्ल्याचा दिवस सोमवार नको. जयविलासचा सुट्टीचा वार त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच दुसरा दिवस पक्का करा.

तीन गावं मिळून एक शहर

किल्ल्याची टेकडी उत्तर-दक्षिण साधारण तीन किलोमीटर लांब आहे आणि शहरातून जवळजवळ शंभर मीटर उंच उठलेली आहे. तिच्या उत्तरेच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, म्हणजे किला गेट आणि हजिरा. दक्षिणेला लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ दिला आणि त्या छावणीचंच शहर झालं. पूर्वेला मुरार, ही इंग्रजांची छावणी. रेल्वे स्टेशन या तिन्हींच्या मधे येतं. राहायला पडाव ते फूलबाग हा पट्टा धरा: स्टेशन जवळ, जयविलास हाकेच्या अंतरावर, आणि लष्कर किंवा किला गेट दोन्हीकडे जायला रिक्षा लगेच मिळते. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा किंवा मोबाइलवरून गाडी बोलवा.

पोचल्याची संध्याकाळ: बाडा

सामान टाकून थेट महाराज बाड्यावर या. मधोमध शिंद्यांचा पुतळा, भोवती टाउन हॉल, पोस्ट, बँक, व्हिक्टोरिया मार्केट, जुना छापखाना आणि गोरखीचा दरवाजा. प्रत्येक इमारतीची धाटणी निराळी, कुठे युरोपी खांब तर कुठे राजपूत छत्र्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर हा चौक सगळ्यात देखणा दिसतो. मग पायीच आतल्या गल्ल्यांत शिरा. दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज, माधवगंज, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी. पाट्या वाचत चाललात तरी शिंदेशाहीची वंशावळ पाठ होईल. एखाद्या दुकानात आपसांत मराठी बोललात तर गल्ल्यावरचे आजोबा "कुठले तुम्ही?" म्हणून विचारतील, आणि त्यांच्या मराठीत हिंदीचा हेल असेल. थांबून बोला त्यांच्याशी. जुन्या वाड्यांच्या गोष्टी या मंडळींकडूनच कळतात.

नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू मिळतात. साजूक तुपातले, हातात घेतले की मोडतील इतके मऊ. दोघांत पाव किलो पुरे.

पहिला दिवस: किल्ला, पूर्वेकडून वर आणि पश्चिमेकडून खाली

सकाळी लवकर किला गेटला उतरा. सोबत प्रत्येकी दीड लिटर पाणी, टोपी, रबरी तळव्याचे बूट आणि एक विजेरी. मोबाइलचा दिवाही चालेल, पण तो भरपूर चार्ज केलेला असावा.

पूर्वेकडूनच का? राजा मानसिंह तोमर (राज्यकाळ १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या मानमंदिराचा मुख्य दर्शनी भाग पूर्वेला, कड्याच्या अगदी कडेवर आहे. सकाळचं ऊन समोरून त्यावर पडतं. या वाटेने चढताना महालाचे गोल बुरूज तुमच्या डोक्यावर उभे राहतात आणि प्रत्येक वळणावर थोडे जवळ येतात. शत्रू असो वा पाहुणा, त्याने मान वर करूनच हा महाल बघावा, अशीच त्याची रचना आहे. टॅक्सीने मागच्या बाजूने येणाऱ्याला हे दृश्य मिळतच नाही.

पहिला आलमगिरी दरवाजा. आत शिरल्यावर लगेच गूजरी महाल लागतो. मानसिंहाने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी तो बांधला असं सांगतात. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. इथे ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे एका युवतीची दगडी मूर्ती, आहे. ती आकाराने लहान आहे आणि बंदोबस्तात ठेवलेली असते, त्यामुळे न विचारता फिरलात तर चुकण्याची शक्यता जास्त. दारातच "शालभंजिका कहाँ है?" म्हणून विचारा. तिच्या कमरेचा बाक आणि ओठांवरचं हसू बघायला पाच मिनिटं तरी द्या. संग्रहालय उघडायच्या आधी पोचलात तर सरळ वर चढा. ते तिसऱ्या दिवशी परतल्यावरही बघता येईल, पण महालावरचं सकाळचं ऊन थांबत नाही.

पुढे चढण लागते. दगडी फरसबंदी आहे, पायऱ्या नाहीत, दमाने गेलं तर कुणालाही जमते. हिंडोला, गणेश असे दरवाजे मागे पडतात आणि लक्ष्मण दरवाज्याजवळ वळणावर एक अगदी छोटं देऊळ दिसतं, कड्याच्याच दगडात कोरलेलं. हे चतुर्भुज मंदिर. नव्वद टक्के लोक याच्या शेजारून निघून जातात. तुम्ही जाऊ नका. कुलूप असलं तर जवळपासच्या चौकीदाराला विनंती करा. आत एक शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. देवळाला दिलेल्या फुलबागेची मापं त्यात लिहिली आहेत, २७० हात गुणिले १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा वाहायची सोय. २७० आणि ५० या दोन्ही आकड्यांत शून्य आज आपण लिहितो तसंच वर्तुळ काढून लिहिलेलं आहे. भारतात निश्चित साल सांगता येईल अशा सगळ्यात जुन्या कोरीव शून्यांपैकी हे एक. ते दिसतं कसं? विजेरी समोरून धरू नका. भिंतीच्या कडेला चिकटवून तिरपा उजेड टाका, की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी उठून येतात. हात मात्र लावायचा नाही, पावडर किंवा पाणी तर मुळीच नाही. हजार वर्षांपूर्वीच्या माळ्याच्या फुलांचा हिशेब तिथे अजून शाबूत आहे, आणि तो पुढच्यांनाही दिसायला हवा.

हत्ती पोल या दरवाज्यातून वर आलात की मानमंदिर. तिकीट काढा आणि नीट ठेवा, वरच्या इतर स्मारकांपाशीही ते लागतं. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशांचं काम आहे: हत्ती, मोर, मगरी, केळीची झाडं. माझं मन नेहमी एका पट्ट्यावर अडकतं. गडद निळ्या रंगावर पिवळ्या बदकांची रांग एकामागोमाग चाललेली. युद्धासाठी बांधलेल्या डोंगरी किल्ल्याच्या तोंडावर राजाने बदकं काढून घेतली, यातच मानसिंह कसा माणूस होता ते दिसतं. ध्रुपदाला राजाश्रय देणारा तो हाच.

आत दोन चौक आणि नाजूक जाळ्या. तळघरं मात्र वेगळीच आहेत. अरुंद जिन्याने खाली उतरलं की गोल दालनं लागतात. मुघलांनी हा किल्ला राजबंद्यांसाठी वापरला. औरंगजेबाने आपला सख्खा भाऊ मुराद याला इथेच कैदेत ठेवून १६६१ मध्ये ठार करवलं. दुसरा भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोह यालाही इथे रोज अफूचं पाणी पाजून संपवलं. जिन्यावर उजेड कमी असतो, वटवाघळं असतात. एकाने पुढे विजेरी धरावी, दुसऱ्याने मागून भिंतीचा आधार घेत यावं.

तिथून दक्षिणेकडे चालत पूर्वेच्या कडेने सास-बहू मंदिरांकडे या. मोठं मंदिर १०९३ मध्ये कच्छपघात घराण्यातला राजा महीपाल याच्या काळात पुरं झालं. विष्णूचं आहे, शिखर उरलेलं नाही, पण मंडपाच्या छतावर आणि खांबांवर रिकामी जागा शोधून सापडत नाही. मंदिराच्या मागे कड्यावरून सगळं शहर दिसतं.

दुपार झाली की गुरुद्वारा दाता बंदी छोडमध्ये जा. शिखांचे सहावे गुरू हरगोविंदसाहिब यांना जहांगिराने या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटताना त्यांनी आपल्यासोबत ५२ राजांनाही सोडवलं, अशी परंपरा आहे. बूट बाहेर, हातपाय धुऊन, डोकं झाकून आत. लंगरमध्ये सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवा. जेवण झाल्यावर थोडी भांडी घासायला हात लावलात तर तिथल्या सेवेकऱ्यांना बरं वाटतं. किल्ल्यावर दुपारी विसावायला याहून शांत जागा नाही.

मग तेली का मंदिर. आठव्या-नवव्या शतकातलं, जवळजवळ ३० मीटर उंच, किल्ल्यावरची सगळ्यात उंच वास्तू. छप्पर लांबट, पेटाऱ्यासारखं गोलाकार. उत्तर हिंदुस्थानात अशा छपराची देवळं फार थोडी उरली आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेने इथे सोडा वॉटरचा कारखाना थाटला होता. पुढे १८८१ ते १८८३ या काळात मेजर कीथने त्याची डागडुजी केली.

आता उरवाई दरवाज्याने खाली उतरा. दुपारनंतर या दरीत उजेड छान मऊ होतो. दोन्ही बाजूंच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या आहेत, बहुतेक पंधराव्या शतकातल्या, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळातल्या. सर्वांत उंच आदिनाथ सतरा मीटरच्या आसपास. बाबराने त्यांची तोडफोड करायचा हुकूम दिला होता आणि तो त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवूनही ठेवला आहे. काही मुखांची नंतर दुरुस्ती झाली, ती जरा बारकाईने बघितली की ओळखू येते. रस्त्यावर गाड्या भरधाव येतात. फोटो काढताना कठड्याच्या आत राहा. खाली उतरलं की रिक्षा मिळतात. त्या रात्री दुसरं काही ठरवू नका, पाय शेकून झोपा.

दुसरा दिवस: हजिरा, जयविलास, समाधी

सकाळी आधी हजिऱ्याला. मोठी इमारत सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याची, अकबराच्या काळातली. तिच्या दगडी जाळ्यांतून सकाळची किरणं जमिनीवर उतरतात ती वेळ गाठा. शेजारी एका चौथऱ्यावर चार खांबांच्या सावलीत तानसेन. इतका साधा दगड. जवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं गवई मानत आले. त्या पाल्यापायी जुनं झाड बोडकं झालं होतं, तेव्हा तुम्ही पानं तोडू नका.

साडेदहा-अकराला जयविलास. जयाजीराव शिंद्यांच्या काळात १८७४ मध्ये मायकेल फिलोज याने बांधलेला. तिकीट इतर ठिकाणांच्या मानाने महाग आहे, पण अडीच तास सहज जातात. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत तेवढा भार घेईल का हे पारखायला आधी छतावर हत्ती चढवले होते, असं सांगतात. भोजनगृहात टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी बघा. तिच्या डब्यांतून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार जायचे. मराठ्यांच्या इतिहासाचं नवं दालन २०२२ मध्ये उघडलं आहे, त्यासाठी वेळ राखा.

तिथून फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी. १ जून १८५८ ला राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं, जयाजीराव आग्र्याला गेले. तो महिना सरायच्या आतच इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेशी लढताना राणी इथे पडली. जवळच्या गंगादासांच्या शाळेतल्या, म्हणजे मठातल्या, साधूंनी तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू दिला नाही, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. राजवाडा आणि समाधी यांत थोडंसंच अंतर आहे, आणि दोन्ही ठिकाणी मराठी नावंच आहेत. म्हणूनच मी दोन्ही एकाच दिवशी दाखवते. एक बघून दुसरं टाळलं तर ग्वाल्हेरचा इतिहास अर्धाच कळतो.

दुपारचे दोन-तीन तास आपापले. गाण्यातल्याने जीवाजीगंजातल्या सरोद घरात जावं. सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात वाद्यांचं संग्रहालय आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची ख्यालगायकी याच शहरातली, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली. ज्याला बाजार हवा त्याने सराफा आणि चंदेरी साड्यांची दुकानं गाठावी. ज्याला यातलं काहीच नको, त्याने कंपू या भागाजवळ मांढरे की माता या देवीच्या टेकडीवर जाऊन बसावं. मांढरे हे मराठी घराणं, आणि दसऱ्याला शिंदे घराण्याचं शमीपूजन याच देवळाच्या पायथ्याशी होतं.

संध्याकाळी मानमंदिरात ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. आधी हिंदीतला, मग इंग्रजीतला. गाडी परतीसकट ठरवून जा, कार्यक्रम सुटल्यावर वर वाहन मिळत नाही. स्वेटर घ्या.

तिसरा दिवस: मुरैना जिल्ह्यातली देवळं

दिवसभरासाठी गाडी ठरवा आणि चालकाला तीन नावं सांगा: बटेश्वर, पडावली, मितावली. शहरापासून ३५-४० किलोमीटर, तिन्ही एकमेकांच्या जवळ. खायला तिथे फारसं काही मिळत नाही, त्यामुळे सकाळी गरम बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची रस्सा भाजी पोटभर खाऊन निघा, बरोबर डबा आणि पाणी घ्या.

बटेश्वरला जवळजवळ दोनशे छोटी देवळं आहेत, गुर्जर-प्रतीहारांच्या काळातली. कित्येक शतकं ती नुसती दगडांची रास होती. २००५ पासून पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक दगड जुळवून त्यातली बरीच पुन्हा उभी केली. तेव्हा हा भाग दरोडेखोर निर्भय गुर्जरच्या ताब्यात होता. त्याला प्रतीहारांचा वारसा समजावून सांगून काम कसं सुरू केलं, ते मुहम्मद स्वतः सांगतात. न जुळलेले दगड अजून बाजूला पडले आहेत. एखादा खांब आणि समोर पडलेली त्याची बैठक यांच्या नक्षीची जोडी लावून बघा, म्हणजे या कामाला किती डोळस चिकाटी लागली असेल याचा अंदाज येतो.

पडावलीत छतावरचं कोरीव काम मान वर करून बघण्यासारखं. मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर आहे, पायऱ्या चढून जावं लागतं. बाहेरून पूर्ण गोल, आत कडेने ६४ छोट्या खोल्या, मध्ये गोल मंडप. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाशी त्याचं साम्य लगेच जाणवतं, पण संसद भवन या देवळावरूनच बेतलं होतं याला पुरावा नाही, तेव्हा गाइडचं ते वाक्य मनावर घेऊ नका. इथे एक फेरी पूर्ण मारा, प्रत्येक खोलीत डोकावत. अंधार पडायच्या आत शहरात परता. हा रस्ता अरुंद आहे आणि हिवाळ्यात धुकं लवकर उतरतं.

निघताना

हिवाळा असेल तर मुरैनाची गजक न्या. तीळ-गूळ कुटून कुटून केलेली, पापुद्रे सुटणारी. डबा पत्र्याचाच मागा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ती मुंबईपर्यंत भुगा होते. स्टेशनवर जायच्या आधी गाडी कुठे आहे ते मोबाइलवर बघा. उशीर असेल तर फलाटावर कुडकुडत बसण्यापेक्षा खोलीची वेळ दोन-तीन तास वाढवून घ्या. हिवाळ्यात हॉटेलवाले हे जाणून असतात, सकाळीच बोलून ठेवलं तर बहुतेक जण माफक पैशांत ऐकतात.